वाटा आणि राखण

शहर वाढले की तळे मरते, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. चोपडा, यावल, शिरपूर या पट्ट्यात पाटबंधाऱ्याच्या कामात उमेदीची वर्षे घालवल्यावर हे म्हणणे मला अपुरे वाटते. तळे मरण्याच्या बरेच आधी त्याचे वाटेकरी त्याला सोडून गेलेले असतात. ज्यांचे पिणे, ज्यांचे शेत, ज्यांची गुरे त्या पाण्यावर अवलंबून होती त्यांच्या घरी नळ येतो, नळाचे पाणी लांबच्या धरणातून येते, आणि मग तळ्याची पातळी कुठवर आहे, पाळीला कुठे भेग पडली आहे का, वरच्या नाल्यात कोणी भर टाकली का, हे विचारणारे कोणी उरत नाही. सांडपाणी, प्लास्टिक, मूर्ती, अतिक्रमण हे सगळे त्यानंतर येते. राखणारा गेल्यामुळे जी जागा मोकळी झाली, तिथे ते येते. म्हणून तळे टिकवायचे असेल तर आधी त्याला पुन्हा वाटेकरी मिळवून द्यावे लागतील, आणि प्रत्येक वाट्याला एकेक जबाबदारी बांधून द्यावी लागेल. पैसा, यंत्रे आणि कायदे लागतातच, पण या पायाशिवाय ते तळ्याच्या काठावर दोन-चार वर्षांपलीकडे टिकत नाहीत. हे म्हणणे मी मुख्यतः खानदेशातल्या पुराव्यावर मांडतो आहे. बाहेरची उदाहरणे आहेत आणि त्यांतली काही पुढे येतील, पण सामाईक पाणी कसे राखावे आणि ते कसे हातचे जाते, या दोन्ही गोष्टी आपल्या तापी, पांझरा आणि गिरणेच्या खोऱ्यांत जवळजवळ शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

जळगाव आणि धुळे ही दोन शहरे यासाठी एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही ठिकाणी महानगरपालिका 2003 साली झाल्या. 2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या साडेचार लाखांवर, तर धुळ्याची पावणेचार लाखांच्या आसपास होती. जळगावजवळचा मेहरूण तलाव एकेकाळी शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आधार होता. पुढे शहर गिरणेच्या पाण्यावर गेले आणि मग वाघूर धरणावर. बोरांसाठी खानदेशभर नाव असलेल्या मेहरूणच्या शिवारात वसाहती उभ्या राहिल्या, तलाव शहराच्या आत आला, आणि त्याच्याविषयीचे बोलणे बदलले. आता त्याची चर्चा होते ती फिरायला जाण्यासाठी, गणेश विसर्जनासाठी, सुशोभीकरणाच्या कामांसाठी, आणि काठच्या वस्त्यांचे सांडपाणी त्यात उतरते या तक्रारीसाठी. धुळ्यात नकाणे, डेडरगाव आणि हरणमाळ या तलावांचे तसे झाले नाही. शहराला तापीचेही पाणी येते, पण या तलावांवरचा भार सुटलेला नाही. साक्री तालुक्यातल्या अक्कलपाडा धरणातून कालव्याने पांझरेचे पाणी आणून ते भरून घ्यावे लागतात, आणि तलावात साठा किती आहे ही धुळ्यात प्रत्येक उन्हाळ्यातली पहिल्या पानाची बातमी असते. धुळ्याचा पाणीपुरवठा आदर्श आहे असे कोणी म्हणणार नाही, तिथे नळाला रोज पाणी येत नाही. परंतु एक गोष्ट मान्य करावी लागते: ज्या तलावाचे पाणी शहराच्या घशात उतरते, त्या तलावात नाला सोडायला शहर धजत नाही. मेहरूणच्या बाबतीत ही भीती नाहीशी झाली. नळ सुटला आणि त्याबरोबर राखणही सुटली. यात कोणा एका अधिकाऱ्याचा किंवा कारभाऱ्याचा दोष मला दिसत नाही. लांबच्या धरणातून पाणी आणण्याचा निर्णय वाढत्या शहरासाठी आवश्यकच होता. चुकले ते एवढेच की तलावाचा पिण्याचा वाटा संपताना त्याला दुसरा वाटेकरी कोण, हे ठरवून ठेवायला हवे, असे कोणाच्या ध्यानात आले नाही.

वाटा आणि राखण यांचा हा संबंध खानदेशाला नवा नाही. पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांची फड पद्धत शेकडो वर्षे चालली, आणि तिचे वर्णन 1880 च्या खानदेश गॅझेटियरच्या काळापासून लिहून ठेवलेले आहे. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले असत, त्या तुकड्यांना फड म्हणत. एका हंगामात एका फडात एकच पीक: कुठे ऊस, कुठे गहू-हरभरा, कुठे बाजरी, आणि दरवर्षी पिकांचा फेरा फिरायचा. शेतकऱ्याची जमीन सहसा एकाहून अधिक फडांत असे. त्यामुळे पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली, तर त्याची झळ एकट्यादुकट्याला न बसता सगळ्यांना थोडी थोडी बसे. पाटाची देखभाल आणि पाणी सोडणे पाटकऱ्याकडे, शेतात पाणी फिरवणे बारेकऱ्याकडे, पिकाची राखण जागल्याकडे आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणे हवालदाराकडे. या लोकांना सरकारचा पगार नव्हता, भिजवलेल्या जमिनीच्या मालकांकडून त्यांना धान्य किंवा पैसे मिळत. पावसाळ्याआधी पाट साफ करायला ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हात लागे. मला या व्यवस्थेचा कणा दोन गोष्टींत दिसतो. पाण्यातला वाटा आणि पाटावरचे काम एकाच मापाने मोजले जाई, आणि दुष्काळाची कपात सगळ्यांनी मिळून सोसायची असे आधीच ठरलेले असे. पुढे ही व्यवस्था का खिळखिळी झाली हेही तितकेच बोलके आहे. मालनगाव आणि लाटीपाड्यासारखी धरणे वर झाली, नदीचा उन्हाळी प्रवाह आटला, आणि विहिरीवर विजेचा पंप बसला. पंप बसवलेल्या शेतकऱ्याला पाटाच्या पाण्याची गरज उरली नाही, मग पाट साफ करायला तो कशाला येईल? शहरात नळाने जे केले तेच शिवारात पंपाने केले. माणूस तोच होता, लोभी किंवा आळशी झाला नव्हता, त्याचा वाटा संपला होता.

आता तळ्याच्या हिशेबाकडे येऊ, कारण सुशोभीकरणाच्या भाषेत हाच हिशेब हरवतो. तळे म्हणजे आत येणारे पाणी, बाहेर जाणारे पाणी आणि त्यातून जे साचते ते. खानदेशात पाऊस चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांत पडतो, आणि उन्हाळा इतका कडक की उघड्या पाण्याची वर्षाला दोन मीटरच्या आसपास वाफ होते. म्हणून इथल्या तळ्याचा जीव पावसाळ्यात पाणलोटातून येणाऱ्या लोंढ्यावर असतो. शहर वाढताना पहिला घाव तिथेच बसतो. वरच्या उतारावरची शेते बिनशेती होतात, लेआउट पडतात, प्लॉटच्या नकाशात नाला एक बारीक रेघ होऊन राहतो आणि प्रत्यक्षात त्याच्यावर रस्ता किंवा भिंत येते. पावसाचे पाणी वाट बदलते, तळ्यात येतच नाही. त्याच वेळी त्या वसाहतींचे सांडपाणी मात्र उताराच्या नियमाने तळ्याकडे येते. एक हजार घरांची वसाहत घेऊ, घरटी पाच माणसे, दरमाणशी दिवसाला 135 लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे रूढ मानक, आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी होते असे अभियंते धरतात. रोज 5 लाख 40 हजार लिटर, वर्षाला साधारण 19 कोटी 70 लाख लिटर, म्हणजे सुमारे 7 दशलक्ष घनफूट. एखादा पाझर तलाव भरेल एवढे हे पाणी आहे. पाऊस अडवला आणि सांडपाणी सोडले, तर तळे वरून भरलेलेच दिसते, पण ते वेगळ्याच पाण्याने भरलेले असते. त्या पाण्यातले नत्र आणि स्फुरद शेवाळ व जलपर्णीला खत होते. दिवसा वनस्पती प्राणवायू देतात पण रात्री तोच वापरतात, कुजणारी घाण उरलेला खाते, आणि पहाटे मासे उलटे तरंगताना दिसतात. अशा तळ्याभोवती पायवाट, दिवे, कारंजे आणि बाकडी लावणे म्हणजे आजारी माणसाला औषध न देता नवे कपडे घालण्यासारखे आहे. गाळ काढण्याच्या कामाचेही असेच. 2017 पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली आणि ग्रामीण तलावांत तिचा खरा उपयोग झाला, कारण गाळ शेतकऱ्याला हवा होता आणि तो स्वतःच्या खर्चाने वाहून नेत होता. शहरी तळ्याच्या गाळात काचा, पिशव्या आणि मैला असतो. तो शेतकरी उचलत नाही, तो काठावरच पडतो आणि पुढच्या पावसात परत आत जातो.

सुशोभीकरणाचे याहून गंभीर रूप म्हणजे सांडव्याच्या वाटेवर बांधकाम. पाटबंधाऱ्याच्या कामात नवा आलेला माणूस पहिल्या वर्षी जे शिकतो ते हेच की धरणाची भिंत जितकी महत्त्वाची तितकाच सांडवा आणि त्याच्या खालचा मोकळा नाला महत्त्वाचा. भरलेले तळे आपले जास्तीचे पाणी तिथूनच सोडते, आणि ते पाणी कित्येक वर्षे दिसलेच नाही म्हणून ती जागा रिकामी वाटते. नागपुरात 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वसाहतींच्या तळमजल्यांत पाणी शिरले. सांडव्यासमोरच्या बांधकामाचा प्रश्न त्यानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. बंगळुरूच्या बेळंदूर तलावाचे दुसरेच टोक आहे. तिथे सांडपाण्याने इतका फेस आणि वायू साचला की 2017 आणि 2018 साली तलावाला आगी लागल्या. अंबाझरी आणि बेळंदूर दोन्ही मोठ्या, श्रीमंत, अभियंत्यांनी भरलेल्या शहरांतली तळी आहेत. तेव्हा छोट्या गावांकडे पैसा नाही म्हणून तळी बिघडतात, हे स्पष्टीकरण मला पटत नाही.

कायदा नाही असेही नाही. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी निकाल दिला. तो एका गावच्या तळ्यावरच्या अतिक्रमणाचाच होता, आणि सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याची योजना आखा असे न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितले. पाणथळ जागांसाठी 2017 चे नियम आहेत. पण त्या नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळले आहेत, आणि खानदेशातली बहुतेक तळी नेमकी तशीच, माणसाने बांधलेली आहेत. जे उरते ते खात्यांच्या वाटणीत अडकते. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचा तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे जलसंधारण किंवा जलसंपदा खात्याकडे. जमीन महसूल खात्याच्या दफ्तरी, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याकडून सहकारी संस्थेला, गाळ आणि मुरूम गौण खनिजाच्या नियमांत, आणि शहराची हद्द वाढली की काठावरच्या वसाहती नगरपालिकेत. प्रत्येक खाते आपापले काम करत असते. तळ्याला मात्र असा एकही धनी नसतो ज्याच्याकडे आत येणाऱ्या नाल्यापासून सांडव्याखालच्या विहिरीपर्यंतचा सगळा हिशेब आहे. यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे आणखी एक प्राधिकरण. मी त्याच्या विरोधात नाही, पण वरून आलेल्या प्राधिकरणाला तळ्याची खबर देणारा माणूस काठावर नसेल, तर ते आणखी एक दफ्तर होते एवढेच.

येथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. फड पद्धत चालली ती एकमेकांना ओळखणाऱ्या, एकाच पाटावर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या माणसांत. शहरातली माणसे कुठून कुठून आलेली, भाड्याने राहणारी, कामाला जाणारी. त्यांना कसला वाटा आणि कसली राखण? शिवाय फडाचे कौतुक करताना हेही विसरू नये की तिथे वाटा जमिनीला होता. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात मत नव्हते, आणि जात कोणाच्या हाती जमीन देते हे आपल्याला ठाऊक आहे. हे दोन्ही मला मान्य आहे, म्हणूनच फड जसाच्या तसा शहरात आणावा असे मी म्हणत नाही. घ्यायचे आहे ते त्यातले तत्त्व, आणि हे तत्त्व फक्त खेड्यांपुरते नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या पुस्तकात स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची वने, स्पेन आणि फिलिपाईन्सचे पाट तपासून दाखवले की सामाईक साधन टिकते ते जिथे हद्द आणि वाटेकरी स्पष्ट असतात, नियम वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले असतात आणि देखरेख त्यांच्याच माणसांकडून होते. त्यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. शहरी तळ्यालाही खरे वाटेकरी असतात, फक्त ते मोजलेले नसतात. मासेमारीचा ठेका घेतलेली संस्था, ज्यात आपल्याकडे बहुतेक भोई समाजाची कुटुंबे असतात. धुणे आणि गुरे घेऊन येणारे. खालच्या अंगाच्या विहिरी आणि बोअरवेलचे मालक. विसर्जनासाठी येणारी मंडळे. रोज फिरायला येणारे. वरच्या पाणलोटातल्या वसाहती, ज्या पाणी देतात आणि घाणही देतात. शहरातल्या लाखभर माणसांना तळ्याच्या सभेला बोलवायची गरज नाही. या पाच-सहा गटांना बोलवले, प्रत्येकाचा वापर लिहून काढला आणि त्यासमोर त्याचे काम लिहिले, तर सभा भरते. जमीन नसलेल्या मासेमाऱ्याचा आणि धुणाऱ्या बाईचा वाटा इथे पहिल्या ओळीत लिहावा लागेल. जुन्या व्यवस्थेतली ती चूक दुरुस्त करायची संधी शहरातच अधिक आहे.

यातला खालच्या विहिरींचा मुद्दा आमच्या चोपडा भागात विशेष महत्त्वाचा आहे आणि त्याकडे फार थोडे लक्ष जाते. सातपुड्याच्या पायथ्याला रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत दगडगोट्यांचा आणि जाड रेतीचा जो पट्टा आहे, ज्याला भूजलाचे लोक बझाडा म्हणतात, तिथे जमिनीत पाणी फार वेगाने मुरते. केळीच्या बागांनी या पट्ट्यातले भूजल दशकानुदशके उपसले आणि पातळी खोल गेली. इथला पाझर तलाव वर्षातले काही महिनेच पाणी दाखवतो. ते पाणी जमिनीत जाऊन खालच्या विहिरीत निघते. म्हणजे त्याचा फायदा खरा आहे, पण तो दिसत नाही, आणि ज्याला मिळतो त्याला तो कोणत्या तळ्यातून आला हे सांगता येत नाही. असा वाटेकरी राखणीला येत नाही, कारण आपण वाटेकरी आहोत हेच त्याला माहीत नसते. चोपड्यासारख्या गावात नळाच्या दोन पाळ्यांमधले दिवस माणसे बोअरवेलवर काढतात, आणि ती बोअरवेल वरच्या ज्या तळ्यावर, नाल्यावर, मोकळ्या उतारावर जगते त्यावरच प्लॉट पडत असतात. विहिरींच्या पातळीची नोंद ठेवून ती तळ्याच्या पातळीशेजारी मांडणे हे साधे काम आहे. तरीही माझ्या अनुभवात कोणत्याही भाषणापेक्षा त्याचा परिणाम मोठा होतो. आकडे शेजारी आले की माणूस स्वतः हिशेब करतो.

दुसरा आक्षेप तंत्राचा. सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधा, प्रश्न मिटला, वाटे आणि सभा कशाला? प्रक्रिया केंद्र हवेच, त्याला पर्याय नाही, आणि सांडपाणी तळ्यात थेट सोडण्याचे समर्थन कोणत्याही तत्त्वाने करता येणार नाही. परंतु केंद्र बांधणे आणि केंद्र चालवणे यांत फरक आहे. त्याला वीज लागते, कुशल माणूस लागतो, आणि मुख्य म्हणजे घराघरातून सांडपाणी केंद्रापर्यंत आणणारी गटार लागते. छोट्या नगरपालिकेत यातले एक जरी तुटले तरी पाणी पुन्हा जुन्या नाल्याने तळ्यात जाते, आणि ते गेले हे सगळ्यात आधी कळते मासेमाऱ्याला. त्याची तक्रार नोंदवायची जागा असेल, तिला उत्तर द्यायला नगरपालिका बांधील असेल, तर केंद्र चालू राहते. आणि केंद्र कितीही चांगले असले तरी वरच्या नाल्यावरची भिंत ते काढू शकत नाही, पावसाचे पाणी तळ्यात आणू शकत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो माणसांविषयी आहे. गावाला घरे हवीत, नाल्याकाठी आणि तळ्याकाठी सर्वांत गरीब माणसे राहतात, आणि तळ्याच्या नावाने मोकळ्या जागा मागितल्या की बुलडोझर प्रथम त्यांच्याच झोपडीवर जातो. हे घडते, आणि ते अन्यायाचे आहे. पण नाल्याची रुंदी गिळणारे पहिले हात झोपडीचे नसतात. ते मंजूर नकाशांचे असतात, ज्यांत नाला अरुंद केलेला असतो किंवा वळवलेला असतो. म्हणून राखण वरून सुरू व्हावी. नव्या लेआउटला मंजुरी देताना नाला आणि पाणलोटाची वाट जागेवर आखून घेतली, तर उद्या कोणाचे घर पाडायची वेळ येणार नाही. आधीपासून काठावर राहणाऱ्यांना पर्यायी जागा दिल्याशिवाय हलवू नये, आणि तोपर्यंत त्यांच्या सांडपाण्याची सोय करणे नगरपालिकेचे काम आहे. तेही वाटेकरीच आहेत. पुराचे पाणी पहिल्यांदा त्यांच्या घरात शिरते, तळ्याची त्यांच्याइतकी जवळून पाहणी दुसरे कोणी करत नाही.

श्रद्धेचा प्रश्न मी थोडक्यात घेतो, कारण त्यावर जितका वाद होतो तितका तो अवघड नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्तिविसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे 2010 पासून आहेत आणि 2020 मध्ये ती सुधारली गेली. कृत्रिम हौद आणि शाडूची मूर्ती हे मार्ग लोक आता ओळखतात. सांडपाणी वर्षभर, रोज येते, विसर्जन काही दिवसांचे असते. रोजच्या घाणीविषयी गप्प राहून फक्त गणपतीवर बोट ठेवले तर मंडळांना ते दुटप्पी वाटते, आणि बरोबरच वाटते. उलट मंडळांना तळ्याचे वाटेकरी मानून हौदाची आणि निर्माल्याची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवली, तर तीच तरुण मंडळी इतर दिवसांतही तळ्यावर नजर ठेवू शकतात.

चोपडा शहराची लोकसंख्या 2011 मध्ये सत्तर हजारांवर होती, आणि अंकलेश्वर ते बऱ्हाणपूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना वसाहती वाढत आहेत. जळगाव जिथे पोहोचले तिथे अजून हे गाव पोहोचलेले नाही, आणि म्हणूनच इथे करता येण्यासारखे पुष्कळ आहे. तालुक्यात हतनूरचा उजवा कालवा आहे, गूळ नदीवरचा मध्यम प्रकल्प आहे, जिल्हा परिषदेचे लहान तलाव आणि पाझर तलाव आहेत. यांतले जे तलाव पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शहराच्या कडेला येणार आहेत ते आजच्या नकाशावर ओळखता येतात. त्या प्रत्येकासाठी एक समिती असावी, जिच्यात मासेमारी संस्था, खालचे विहीरमालक, वरच्या वसाहती आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिका यांची माणसे असतील. राज्यात 2005 च्या कायद्याने कालव्यांवर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था झाल्या आहेत. त्यांचा अनुभव मिश्र आहे. पण जिथे संस्थेकडे पाण्याचा ठरलेला कोटा आणि पाणीपट्टीतला वाटा आला, तिथे चाऱ्यांची दुरुस्ती होते, आणि जिथे फक्त फलक लागला तिथे होत नाही. तळ्याच्या समितीलाही हेच लागू पडेल. तिला पैसा हवा, आणि तो अनुदानावर अवलंबून नसलेला हवा: मासेमारीच्या ठेक्याच्या रकमेतला काही भाग, वरच्या लेआउटच्या विकास शुल्कातला ठरलेला अंश, आणि नगरपालिकेच्या पाणीपट्टीतून वर्षाला घरटी अगदी थोडी रक्कम. या पैशातून पगारी राखणदार नेमावा, जुन्या पाटकऱ्यासारखा, ज्याचा पगार वाटेकऱ्यांकडून येतो आणि जो त्यांना जबाबदार असतो. त्याने पावसाळ्यात रोज आणि एरवी आठवड्याला पातळी लिहावी, महिन्यातून एकदा चार ठरलेल्या विहिरींचे पाणी मोजावे, वरचे नाले चालून पाहावेत आणि सांडवा मोकळा आहे की नाही याची नोंद करावी. ती वही समितीच्या प्रत्येक बैठकीत मोठ्याने वाचली जावी, आणि नगररचना विभागाने नव्या लेआउटचा नकाशा मंजुरीला ठेवण्याआधी त्या पाणलोटातल्या तळ्याच्या समितीचा अभिप्राय घ्यावा. हा अभिप्राय बंधनकारक असावा की नाही यावर मतभेद होतील, आणि बांधकाम व्यावसायिक विरोध करतील. माझे मत असे की निदान नाल्याच्या आणि सांडव्याच्या वाटेपुरता तो बंधनकारक असावा. बाकी बाबींत समितीचे म्हणणे मंजुरीच्या कागदावर लिहून जोडले, आणि ते डावलले तर कारण लेखी दिले, तरी सध्या पुरे.